स्वस्त पंचा आणि बंद गिरणी

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं त्यांपैकीं निदान चार पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारलेली आहे. ज्यांचीं मुलें, पुतणे वा जांवई नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहिलेले आहेत, अशा घरांतून हीं पत्रें आलेलीं आहेत. शंका अशी कीं, ज्या देशांत साध्या कारकुनाच्या घरींही मोटार, शीतकपाट व धुलाईयंत्र असतें, जेथें जगांतील हरएक जिन्नस दारांत येऊन पडतो, त्या देशांतील लोक परदेशी मालावर एवढे संतापलेले कां असावेत ? एका भगिनीनें तर स्पष्टच लिहिलें आहे कीं, वस्तु महाग झाली म्हणून घरांत कुरबूर झालेली त्यांनीं पुष्कळदां पाहिली, पण स्वस्त झाली म्हणून कोणी रडलेलें पाहिलें नाहीं.

शंका रास्त आहे. आणि ती गृहिणीनें विचारावी हेंही रास्तच. ज्या युरोपीय शब्दाचें भाषांतर आपण 'अर्थशास्त्र' असें करतों, त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'घराची व्यवस्था' एवढाच आहे. तेव्हां या विषयावर बोलण्याचा अधिकार प्राध्यापकांइतकाच स्वयंपाकघराच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांसही पोंचतो.

आमच्या जुन्या ग्रंथकारांस हा प्रश्न अगदींच अपरिचित होता असें नाहीं. कौटिल्यानें शुल्काध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर साधारणतः किंमतीच्या पंचमांशाइतकें शुल्क घ्यावें असें तो सांगतो. परंतु त्याच ओघांत, जो माल राष्ट्रास पीडा देणारा किंवा निष्फळ असेल तो येऊंच देऊं नये, आणि जो मोठ्या उपकाराचा असेल, जसें दुर्मिळ बीं, तो शुल्कावांचून आंत घ्यावा, असा भेदही तो करतो. दार सदासर्वकाळ उघडें टाका किंवा सदासर्वकाळ लावून घ्या, अशा मताचा तो नव्हता. अमेरिकेनें मात्र गेल्या सव्वादोनशें वर्षांत दोन्ही टोकांच्या जवळ जाऊन पाहिलें आहे.

त्या राष्ट्राची राज्यघटना अमलांत आली त्या पहिल्याच वर्षीं, म्हणजे १७८९ च्या ४ जुलै रोजीं, अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं आयात-जकातीच्या कायद्यावर सही केली. १७९१ च्या डिसेंबरांत अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं कारखानदारीविषयींचा आपला प्रसिद्ध अहवाल विधिमंडळापुढें ठेवला. इंग्लंडसारख्या मुरलेल्या मल्लाशीं नवजात धंद्यानें झुंजणें अशक्य, म्हणून तो स्वतःच्या पायांवर उभा राहीपर्यंत सरकारनें त्यास हात द्यावा, हें त्याचें सार. फ्रीड्रिख लिस्ट नांवाचे जर्मन विद्वान् १८२५ सालीं अमेरिकेंत जाऊन राहिले. तेथें हाच विचार त्यांच्या मनांत पक्का झाला आणि १८४१ सालीं त्यांच्या ग्रंथाच्या द्वारें तो युरोपांत पसरला. तेथून तो पुण्यासही पोंचला. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्यांत इंग्रजांचें खुल्या व्यापाराचें तत्त्व सर्व देशांस व सर्व काळीं सारखेंच लागू पडतें हें मत त्यांनीं खोडून काढलें, तें याच परंपरेच्या आधारानें.

जकातीच्या भिंतीआड अमेरिकेची भरभराट झाली, ही गोष्ट खरी. पण ती भिंतीमुळेंच झाली काय, यावर पंडितांत एकमत नाहीं. भिंतीचा अभिमान सांगणारे एक गोष्ट विसरतात. त्या भिंतीच्या आंत जो मुलूख होता तो एवढा अफाट होता कीं, अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत मालाची गाडी नेली तरी वाटेंत एकही जकातनाकें लागत नसे. कारण एका संस्थानानें दुसऱ्याच्या मालावर जकात बसवूं नये, असा निर्बंध राज्यघटनेनेंच घातलेला होता. बाहेरच्या जगाला दार लावणारें तें राष्ट्र आंतल्या आंत जगांतील सर्वांत मोठा खुला बाजार होतें ! शिवाय भिंतीचा भार सर्वांवर सारखा पडत नसे. १८२८ ची जबर जकात उत्तरेकडील कारखानदारांस मानवली, पण कापूस विकून परदेशी माल घेणाऱ्या दक्षिणेस ती इतकी जाचली कीं, साउथ कॅरोलायना संस्थानानें १८३२ सालीं तो कायदा आपल्या हद्दींत रद्दबातल ठरविला. (अन्यायाची ही ओरड करणारे मळेवाले स्वतः गुलाम बाळगून होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.)

१९३० सालीं या भिंतीची कमाल झाली. अध्यक्ष हूवर यांनीं स्मूट-हॉले कायद्यावर सही करूं नये, अशी हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनीं लेखी विनंति केली होती. ती मानली गेली नाहीं. इतर राष्ट्रांनींही उलट भिंती उभारल्या, आणि १९२९ ते १९३२ या काळांत अमेरिकेची आयात व निर्यात, दोन्ही किंमतीच्या मानानें दोन-तृतीयांशांहून अधिक घसरल्या. हा सर्व दोष त्या कायद्याचा नव्हे, मंदीचाच मुख्य. परंतु आजाऱ्याला औषध म्हणून उपास घडविला हें मात्र खरें. १९३४ पासून तें राष्ट्र उलट दिशेनें चालूं लागलें. १९४७ सालीं जिनीव्हा येथें तेवीस देशांनीं जकाती उतरविण्याचा करार केला, १९९४ च्या आरंभीं कॅनडा व मेक्सिको यांच्याशीं खुल्या व्यापाराचा करार अमलांत आला, आणि २००१ च्या डिसेंबरांत चीन जागतिक व्यापार संघटनेंत दाखल झाला.

आतां आमच्या भगिनींच्या शंकेकडे वळूं. स्वस्ताईनें अमेरिकन कुटुंबाला काय मिळालें ? त्या सरकारच्या कामगार-आंकडेवारीच्या खात्यानें शंभर वर्षांच्या घरखर्चाचा एक आढावा प्रसिद्ध केला आहे. १९०१ सालीं सामान्य अमेरिकन कुटुंब आपल्या खर्चापैकीं शेंकडा सुमारें ४३ अन्नावर आणि शेंकडा १४ कपड्यांवर घालवीत असे. २००२-०३ मध्यें अन्नाचा वांटा शेंकडा १३ वर व कपड्यांचा शेंकडा ४ वर आला. शेतीचीं यंत्रें, वाढलेला पगार वगैरे कारणें यांत आहेतच. परंतु कपड्यांच्या बाबतींत बाहेरून येणाऱ्या मालाचा हात मोठा आहे, हें नाकबूल करतां येणार नाहीं. आणि हा लाभ श्रीमंतापेक्षां गरिबाला अधिक, कारण त्याच्याच मिळकतीचा मोठा भाग अशा वस्तूंत जातो. जी विधवा बाई दोन मुलांना शाळेंत धाडते तिला बूट अर्ध्या किंमतींत मिळाले, तर तिच्या दृष्टीनें तें सरकारनें दिलेल्या मदतीहून कमी नाहीं. खुल्या व्यापाराची टिंगल करणाऱ्या पुष्कळ लोकांनीं मुलांचे बूट स्वतः कधीं विकत आणलेले नसतात !

परंतु त्याच आढाव्यांतील दुसरी ओळ वाचा. १९०१ सालीं घरावर होणारा खर्च शेंकडा २३ होता; २००२-०३ मध्यें तो शेंकडा ३३ च्या जवळ गेला. त्या देशांत राहून आलेला कोणीही सांगेल कीं, घर, दवाखाना आणि कॉलेज या तीन गोष्टींचें नांव काढलें म्हणजे तेथील मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या कपाळास आंठ्या पडतात. या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. त्या जहाजांतून येत नाहींत. जें जहाजांतून येतें तें स्वस्त झालें. जें जागच्या जागीं उभारावें लागतें, ज्यांत जमीन व माणसाचा वेळ लागतो, तें महाग झालें. तेव्हां ज्याचा पगार वाढला नाहीं त्याच्या घरांत पांच टॉवेलांच्या जागीं पंधरा टॉवेल आले, पण घराचें भाडें व औषधाचें बिल भागेना, अशी विलक्षण स्थिति झाली. राहणीचें मान मोजतांना दुकानांतील वस्तूंचीच मोजदाद केली तर हें दिसत नाहीं.

टॉवेलांचें नांव आम्हीं सहज घेतलेलें नाहीं. नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत, शार्लट शहरापासून वीस-पंचवीस मैलांवर, कॅनापोलिस नांवाचें एक गांव आहे. जेम्स विल्यम कॅनन या गिरणीमालकानें १९०६ सालीं तेथें जमीन घेतली, टॉवेलांची प्रचंड गिरणी उभारली आणि गिरणीभोंवतीं गांव वसविला. घरें गिरणीचीं, त्यांचें भाडें गिरणीकडे, दुकानांच्या जागा गिरणीच्या. त्या गांवास स्वतःची नगरपालिका १९८४ सालपर्यंत नव्हती, यावरून काय तें समजावें ! कॅननचा टॉवेल नाहीं असें अमेरिकन घर विरळा. आजोबा, बाप व नातू तिघेही त्याच गिरणींत लागले, अशीं कुटुंबें तेथें पुष्कळ. हें सर्व सुखाचेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. कापसाच्या धुळीनें छाती भरून येई, मालकाची मर्जी हाच कायदा असे, आणि कामगारांनीं संघ काढण्याचे प्रयत्न तेथें वारंवार मोडून पडले. पण शाळा अर्धवट सोडलेल्या माणसालाही तेथें घर चालविण्यापुरता पगार, आजारीपणाचा विमा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान, या तीन गोष्टी मिळत.

१९८२ पासून ती गिरणी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊं लागली. शेवटच्या मालकांनीं डोक्यावर कर्जाचा डोंगर करून ठेवला होता. तेव्हां सारा दोष परदेशी मालावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं; पण आशियांतून येणाऱ्या टॉवेल-चादरींच्या भावाशीं तिला टक्कर देतां येईना, हेंही तितकेंच खरें. २००३ च्या ३० जुलै रोजीं गिरणी बंद झाली. त्या एका दिवसांत कंपनीचीं सहा हजारांहून अधिक माणसें कामावरून गेलीं, आणि त्यांपैकीं चार हजारांहून अधिक त्या एकट्या गांवाच्या परिसरांतलीं होतीं. त्या संस्थानाच्या इतिहासांत एका दिवशीं एवढी माणसें कायमचीं कमी झाल्याचें दुसरें उदाहरण तोंपर्यंत नव्हतें.

येथें अमेरिकेंतील एक रीत वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. तेथें कामकरी वयाच्या बहुतेक माणसांचा आजाराचा विमा नोकरीशीं बांधलेला असतो. दुसऱ्या महायुद्धांत पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हां मालकांनीं पगाराऐवजीं विमा देऊं केला, तेव्हांपासून ही रीत मुरली. म्हणून गिरणी बंद पडली कीं पगाराबरोबर दवाखान्याचें दारही बंद. पन्नाशींतला माणूस, गुडघे दुखताहेत, शिक्षण बेताचें, घर विकावें तर ज्या गांवांतली गिरणी बुडाली तेथें घर घेणार कोण ? आणि अर्थशास्त्राचीं पुस्तकें त्याला सांगतात कीं, त्यानें दुसऱ्या गांवीं जाऊन दुसरा धंदा शिकावा.

पुस्तकांची ही समजूत कितपत खरी, हें डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न व गॉर्डन हॅन्सन या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तपासून पाहिलें. ज्या भागांतील धंद्यांवर चिनी मालाचा मारा अधिक, तेथें बेकारी वाढली, मजुरी उतरली, अपंगत्वाच्या सरकारी मदतीवर जगणारांची संख्या वाढली. आणि माणसें गांव सोडून फारशीं गेलींच नाहींत. पुढें ऑटर व त्यांच्या सहकाऱ्यांनींच केलेल्या हिशेबाप्रमाणें १९९९ ते २०११ या बारा वर्षांत चिनी आयातीमुळें गेलेल्या नोकऱ्या वीस ते चोवीस लाखांच्या घरांत भरतात. अ‍ॅन केस व अँगस डीटन या दांपत्यानें २०१५ सालीं दाखवून दिलें कीं, कॉलेजची पदवी नसलेल्या मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांत अमली औषधें, दारू व आत्महत्या यांमुळें होणारे मृत्यु वाढत चालले आहेत. त्याचें कारण केवळ व्यापार असें तेही म्हणत नाहींत. पण हातचें काम गेलें म्हणजे माणसाचें काय काय जातें, हें पगाराच्या आंकड्यांत मावत नाहीं, एवढें त्यावरून खास दिसतें.

यंत्राचाही हिशेब मांडला पाहिजे, नाहींतर चित्र एकांगी होईल. अमेरिकन कारखान्यांतील नोकऱ्या १९७९ सालीं सर्वांत अधिक, म्हणजे १ कोटि ९५ लाखांच्या सुमारास होत्या. २००० सालीं १ कोटि ७३ लाख. २०१० सालीं १ कोटि १५ लाख. पण माल मात्र त्या प्रमाणांत घटला नाहीं. एक टन पोलाद काढण्यास १९८० च्या सुमारास जेथें दहा तासांची मजुरी लागे, तेथें आतां दोन तासांच्या आंतच काम होतें. म्हणजे परदेशी पोलाद एकही जहाजभर आलें नसतें, तरी पोलादाच्या भट्टीपुढील पुष्कळ माणसें घरीं बसलींच असतीं. हा शत्रु बंदरावर अडवितां येत नाहीं, म्हणून सभेंत त्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं.

मग राष्ट्राचा फायदा झाला कीं तोटा ? बेरीज केली तर फायदा झाला, असें बहुतेक अर्थशास्त्रज्ञ सांगतात, आणि बेरजेपुरतें आम्हांसही तें मान्य आहे. पण आमचे वाचक एकत्र कुटुंबांत राहणारे आहेत. बेरीज म्हणजे काय हें त्यांस वेगळें सांगावयास नको. समजा, चार भावांच्या घरानें ठरविलें कीं, गांवची जमीन विकून शहरांत दुकान घालावें. दुकान चाललें, घराची मिळकत दुप्पट झाली. पण जो भाऊ ती जमीन कसत होता, त्याला दुकानांतलें कांहीं येत नाहीं. त्याला पंक्तीला बसविलें, त्याच्या मुलाच्या मुंजीचा व मुलीच्या लग्नाचा खर्च समाईक पेटींतून केला, तर घराचा फायदा झाला हें वाक्य खरें. त्याला वेगळें काढून "तूंही आतां दुकान घाल" असें सांगितलें, तर तें वाक्य खोटें, मग चोपडींत आंकडा कितीही फुगलेला असो. आमच्याच घरांत हें नेहमीं न्यायानें चालतें असा कोणाचा समज असेल, तर त्यानें मागच्या पिढीच्या विधवा वहिनीला कोणत्या खोलींत ठेवीत व तिच्या पानांत काय पडे, हें घरांतल्या वृद्ध स्त्रियांस विचारून पाहावें. घरखर्चाच्या वहींत तिचें दुःख कोठेंच नोंदलेलें सांपडणार नाहीं.

अमेरिकेनें धाकट्या भावास अगदींच कांहीं दिलें नाहीं असें नव्हे. परदेशी स्पर्धेमुळें काम गेलेल्या कामगारांस मदत व नवें शिक्षण देण्याची योजना १९६२ सालीं, केनेडी अध्यक्ष असतांना, सुरू झाली. पण जो डोंगर हलवावयाचा त्या मानानें ती टोपली फार लहान होती. आणि २०२२ च्या जुलैपासून तिच्यांत नवे अर्ज मंजूर करण्याचें कामच थांबलें. जिंकणारांनीं हरणारांस भरून द्यावें, हें खुल्या व्यापाराच्या बाजूचें मुख्य समर्थन; तेंच कागदावर राहिलें. तेव्हां हरणारांनीं दार लावून घेणाऱ्यांस मतें दिलीं, यांत आश्चर्य तें काय ?

आश्चर्य नाहीं, पण दार लावल्यानें त्यांचें काम परत येतें काय, हा प्रश्न निराळा. २०१८ च्या जानेवारींत अमेरिकन सरकारनें परदेशी धुलाईयंत्रांवर जकात बसविली : पहिल्या बारा लाख यंत्रांवर शेंकडा २०, त्यापुढील यंत्रांवर शेंकडा ५०. दोन वर्षांनीं अर्थशास्त्रज्ञांनीं हिशेब केला, तो मोठा बोधप्रद आहे. धुलाईयंत्रें शेंकडा बाराच्या सुमारास महाग झालीं. त्यांच्याबरोबर कपडे वाळविण्याचीं यंत्रेंही तितकींच महाग झालीं, जरी त्यांवर जकात मुळींच नव्हती. कारण तेथें हीं दोन यंत्रें जोडीनें विकलीं जातात, आणि दुकानदारानें वाढीचा भार दोहोंवर वांटून टाकला. नोकऱ्या वाढल्या, नाहीं असें नाहीं : सुमारें अठराशें. पण त्यांपायीं गिऱ्हाइकांच्या खिशांतून वर्षास दीड अब्ज डॉलर गेले. म्हणजे एका नोकरीमागें आठ लाख डॉलरांहून अधिक. एवढ्या पैशांत त्या अठराशें माणसांस घरीं बसवून जन्मभर पोसतां आलें असतें. ती जकात २०२३ सालीं मुदत संपून गेली.

आमच्या न्यायशास्त्रांत अर्धकुक्कुटी न्याय म्हणून एक दृष्टांत आहे : अर्धी कोंबडी कापून खावी आणि अर्धी अंडीं घालण्यास ठेवावी. अमेरिकन मतदारास दुकानांत चिनी भाव पाहिजे आणि गांवांत १९५० सालची गिरणी पाहिजे; आणि त्याचे पुढारी दोन्ही देऊं म्हणतात. यांत मतदारास आम्ही फारसा दोष देत नाहीं. जो सकाळीं कामगार असतो तोच संध्याकाळीं गिऱ्हाईक असतो, आणि दोघांचें गाऱ्हाणें एकाच तोंडानें सांगावें लागतें. पुढाऱ्यांस मात्र तें बरें ठाऊक असतें. कांहीं धंदे, उदाहरणार्थ औषधें किंवा संरक्षणाचें साहित्य, महाग पडले तरी घरीं राखावे हें समजण्यासारखें आहे, आणि कौटिल्यालाही तें पटलें असतें. पण टॉवेलाच्या गिरणीसाठीं सगळ्या राष्ट्रानें महाग टॉवेल वापरण्यापेक्षां, त्या गिरणींतल्या माणसांचा आजाराचा विमा व घर शाबूत ठेवणें हें पुष्कळ कमी खर्चाचें झालें असतें, असें आमचें मत आहे.

कॅनापोलिसची ती गिरणी पुढें पाडून टाकली, आणि त्या जागेवर अन्न व आरोग्य यांविषयीं संशोधन करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. ज्या गृहस्थानें १९८२ सालीं गिरणी घेऊन पुढें विकली होती, त्या डेव्हिड मर्डॉक यांनींच ती जागा परत घेऊन २००५ सालीं ही योजना जाहीर केली. इमारती सुंदर आहेत असें ऐकतों. पण तेथें काम मिळावयास जें शिक्षण लागतें, तें माग चालविणाऱ्यांपाशीं कोठून असणार ?

आणि अमेरिकन घरांतले टॉवेल आतां कोठून येतात, म्हणाल तर त्यांतील फार मोठा हिस्सा भारतांतून जातो. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें भारताच्या पुष्कळशा मालावरील जकात शेंकडा ५० पर्यंत चढविली, तेव्हां टॉवेल व चादरी विणणाऱ्या आपल्या गांवांतूनही काळजीचें वातावरण पसरलें. आमच्या महाराष्ट्रांत टॉवेलांसाठीं नांवाजलेलें गांव सोलापूर. तेथील मागवाल्यांची हकीकत स्वतंत्रपणें सांगण्यासारखी आहे. ती पुढील अंकीं.